उशिरा कळलेलं मरण

आयटीत नोकरी लागल्यावर मी घरी इंटरनेट घेतलं. आईने पहिल्यांदा काय शोधायला सांगावं? एक इटालियन नटी! तरुणपणी विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आई फिल्म सोसायटीत तिचे सिनेमे बघायला जायची.

मी वाचून दाखवलं. कष्टकरी विधवांच्या भूमिकांनी ती गाजली, उतारवयात कामं मिळाली नाहीत, आणि वारली त्यालाही कैक वर्षं झाली होती.

आई उठली आणि डोक्यावरून पाणी घेऊन आली. नात्यातलं मरण उशिरा कळलं की आमच्याकडे असंच करतात.

"ती काय तुझी सख्खी बहीण होती?" मी खेकसलो.

केस पुसत आई म्हणाली, "तुझे बाबा गेले तेव्हा ताठ मानेनं कसं जगायचं, ते तिनेच दाखवलं. सख्खे फिरकलेसुद्धा नव्हते."