विहिरीतला दगडी नाग

भोईवाड्यातल्या त्या अर्धवट विहिरीची गोष्ट मी तिथल्या चौकीवर फौजदार असतानाची. गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, ते पहिले वर्ष होते. घरात आजारी माणूस असल्याची कुणकुण लागली, की सरकारी माणसे येऊन त्याला इस्पितळात नेत. नेलेले बहुतेक परत येत नसत. लोक तापापेक्षा त्या माणसांनाच जास्त भीत.

एका चाळीसाठी विहीर खणली जात होती. अमावास्येला काम बंद होते. दुसऱ्या दिवशी मुकादमाने कपारीत पहार घातली, तर वेटोळे घातलेला दगडी नाग निघाला. पहारीने त्याचे दोन तुकडे झाले. त्याच आठवड्यात चाळीत माणसे दगावू लागली आणि नाग कोपल्याचे सर्वांचे एकमत झाले. कोट भागातून एक विद्वान गृहस्थ व्हिक्टोरिया गाडीतून आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी वरूनच पाहिले आणि मुंबई बेटाचा इतिहास नव्याने लिहावा लागेल असे जाहीर करून निघून गेले. त्यांच्या बोलण्याने नागाचे वजन आणखी वाढले.

मग एका मासळीवालीने हवालदाराच्या कानावर घातले, की नाग शांत व्हावा म्हणून तो फोडणाऱ्या मुकादमाला विहिरीत उतरवून वरून दगड लोटायचे ठरले आहे. आम्ही त्याला चौकीत आणून बसवले. सुटकेसाठी धडपडणारे पुष्कळ पाहिले होते, पण हा वेगळ्याच कारणाने धडपडत होता.

"माका सोडा, सायबानू," तो म्हणाला. "मी खाली गेलंय तर पोरां तरी वाचतली."

पंचनाम्यासाठी मी विहिरीत उतरलो. खडक सगळा काळा, नाग मात्र पिवळट. कपारीत तो दगडाच्या चिपा ठोकून बसवलेला होता आणि त्याच्या पोटाला डांबर लागले होते. कोणत्याही पुराणात नागाला डांबर लावल्याचे मी वाचलेले नाही. होडीच्या तळाला मात्र ते लावतात.

विहिरीला लागूनच एका कोळी तांडेलाचे घर होते. त्याचे गलबत कच्छला जाई. परतताना माल नसला तर गलबत कलंडू नये म्हणून ही मंडळी तळाशी तिकडचेच दगड भरतात. मी तांडेलाला चौकीत बोलावले आणि नागाचे तुकडे टेबलावर ठेवले. चोर चोरीच्या मालाकडे बघायचे टाळतो, नाहीतर त्याच्याकडेच बघत राहतो. हा खिडकीतून सारखा घराच्या दिशेने बघत होता.

"घरात कोण आजारी आहे?" मी विचारले.

त्याने खिडकीकडे पाठ केली. मग म्हणाला, "पोरीला गाठ आयलीय, फौजदार. भिंतीपलीकडं दिवसभर कामाची माणसं. कुणी कळवलं असतं म्हंजे? म्हणून आवसेच्या राती तो नाग मीच बसवला. लोकांनी तिथं फिरकू नये, येवढंच मना पायजे होतं."

"आणि त्या मुकादमाला गाडायला निघालेत, ते?"

त्याने तोंड झाकून घेतले. चारचौघांत कबूल केलेस तरच तो माणूस वाचेल, असे मी त्याला सांगितले. कबुलीबरोबर पोरगीही उघडी पडणार, हे आम्हा दोघांनाही कळत होते. तो उठला आणि माझ्याआधी दाराबाहेर पडला.

विहिरीपाशी जमाव उभाच होता, हातात दगड घेऊन. तांडेलाने गलबतावरून टोपलीभर दगड आणवले आणि त्यांतला एक सर्वांसमोर फोडला. आत तसलाच नाग, म्हणजे दगड बनून गेलेला जुना वेटोळ्यांचा शंख. त्याने दुसरा फोडला, त्यातही नाग. मग त्याने पोरीचे सांगितले. लोकांच्या हातांतले दगड खाली पडले आणि सगळे मागे सरले, त्याच्या घरापासून दूर.

आता तिला इस्पितळात नेणे भाग होते. डोलीला मागून बाप लागला. पुढे कोणी येईना. माझे शिपाई एकदम आपल्या बुटांकडे बघू लागले. तेव्हा आमच्याबरोबर चौकीतून आलेला मुकादम पुढे झाला आणि त्याने दांडा खांद्यावर घेतला.

मी अनेक पुरावे गोळा केले आणि कोर्टात मांडले. पुराव्याने माणूस सुटतो, पण त्याची भीती तशीच राहते, हे मला त्या दिवशी कळले. डोली निघताना मुकादमाने हळूच विचारले, "सायबानू, तो खरोखरचो नाग नाय मां?"

"नाही. दगड आहे," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि डोली घेऊन विहिरीला लांबचा वळसा घातला. त्याच्यामागून मी चाललो होतो. जवळची वाट मोकळी असताना मीही वळसाच घेतला.