ज्वारीच्या रानातलं भाषण

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड गेल्या महिन्यात आलं. किसनदादा गेला. वय त्र्याऐंशी, झोपेत, आदल्या दिवशी पोटभर हुरडा खाऊन... मजकूर एवढाच. वाचून आधी हसू आलं, हे नोंदवायला हरकत नाही. त्याच्या बाबतीत बहुतेकांचं तसंच होत असे.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. राजूरजवळच्या आमच्या गावात शाळा नव्हती. गावानं आपल्या हिमतीवर मराठी शाळा काढायची म्हटली तरी सरकारी परवानगी लागे, आणि आमचे दोन अर्ज उत्तराविना पडून होते. त्या माघात तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे प्रमुख, राजूरच्या गणपतीच्या जत्रेत जाहीर गाऱ्हाणी ऐकणार होते. बोलणाऱ्यानं मजकूर आधी कचेरीत द्यायचा, अशी अट. जालन्याला राहून मी थोडं शिकलो होतो, म्हणून मजकूर मी लिहिला. बोलायला मात्र गावानं किसनदादाला निवडलं. तो माझा चुलतभाऊ, पंचविशीतला शेतकरी. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्याची हाक दोन शेतं ओलांडून जाई. त्याची लेक रुक्मी सहा वर्षांची होती. तिला शिकवायचंच, हा त्याचा हट्ट होता.

मी वाचायचो, तो ऐकून पाठ करायचा. सराव ज्वारीच्या रानात, पाखरं राखायच्या उंच माळ्यावर. कणसं भरात होती, पाखरांना सुट्टी नव्हती. त्यामुळं दोन वाक्यं झाली की आरोळी, गोफणीचा धोंडा, पुन्हा दोन वाक्यं. भाकरी घेऊन आलेली गयावहिनी एकदा खालून म्हणाली, "अहो, तुमचं भाषण ऐकून पाखरं बी जांभया देऊन राह्यलीत."

"उडून तं जात न्हाईत ना? मंग बराबर चाललंय."

जत्रेच्या दिवशी देवळासमोरचं मैदान भरलं होतं. साहेब खुर्चीवर, शेजारी आमचा मजकूर धरून कारकून. किसनदादा ओट्यावर चढला. पहिली दोन वाक्यं स्वच्छ गेली. आणि सवयीनं हात डोक्याभोवती फिरला, तोंडातून आरोळी सुटली, "हाऽऽ हुर्र्या!" पुढं बसलेली माणसं झटकन खाली वाकली. कारकून कागदात ती ओळ शोधू लागला. मग सगळं मैदान हसलं. शाळा गेली, असं मी धरून चाललो...

किसनदादा हसू ओसरेपर्यंत थांबला. घाई नाही, मान खाली नाही. "माफी असावी, सरकार," तो म्हणाला, "बोलायला मी ज्वारीत शिकलो. तिथं पाखरं उडवायची अस्तेत. हितं बसवायची हायेत. आमची पोरं रानोरान उडून राह्यलीत, त्यायला बसायला एक जागा द्या."

मजकुरात यातलं काही नव्हतं. कारकुनानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी त्याच्या हातातला कागद घेऊन पालथा घातला.

पुढं किसनदादा पाठ केलेलं बोललाच नाही. आपलंच बोलला, आणि लांब बैलगाड्यांवर उभ्या असलेल्यांनाही शब्द न् शब्द पोचला. शेवटी साहेबांनी त्याला अर्जावर सही करायला सांगितलं. त्यानं अंगठा पुढं केला.

"इतना अच्छा बोलते हो, और अंगूठा?"

"म्हणून तं शाळा मागून राह्यलो, सरकार."

परवानगी तिथंच मिळाली.

पाडव्याला मारुतीच्या देवळात शाळा भरली. रुक्मीच्या मागं, भिंतीला टेकून, किसनदादाही बसू लागला. परवा भेटायला गेलो तेव्हा गयावहिनीनं घरातली, दारातून समोर दिसणारी भिंत दाखवली. दर दिवाळीला चुना दिला की तो तिथं गेरूनं आपलं नाव लिहायचा. अक्षरं वीतभर उंचीची. "येवढी मोठी कशाला, म्हणलं तं म्हणायचे, पार मागच्याला दिसलं पाह्यजे," वहिनी हसत म्हणाली. मी अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत मागं गेलो. तिथून सगळं नाव स्पष्ट वाचता येत होतं.