बायकांच्या प्रशिक्षणात मामाजी

लेक अकोल्याला शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिनं माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक नवा एआयवाला ब्राउझर टाकून दिला. जाताना म्हणाली, याला नुसतं सांगायचं. शोधणं, वाचणं, फॉर्म भरणं तोच करतो. मी मान हलवली. विश्वास काही बसला नव्हता.

केनवडजवळ आमचा भाजीचा मळा आहे. लग्नाआधी मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, म्हणून मेल, अर्ज, हवामान बघणं ही कामं माझ्याकडे. धाकट्या जावेला लॅपटॉपसमोर बसायचं म्हटलं की घरातली सगळी कामं आठवतात. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तीच मिरचीचं पान घेऊन आली. त्याले विचारा, म्हणाली. मी माईकचं बटण दाबून लॅपटॉप तिच्याकडे वळवला. ती जरा लाजली, मग डॉक्टरला सांगावं तसं बोलली, "मिरचीचे पानं वरतं गोळा होऊन राह्यले. काहून होते हे?"

त्यानं आपोआप तीन-चार वेबपानं उघडली, वाचली आणि सांगितलं की हे फुलकिडे असू शकतात, पान उलटून बघा. जाऊ तशीच अनवाणी मळ्यात गेली. परत आली तेव्हा तिच्या तळहातावर पान होतं आणि पानावर बारीक पिवळसर किडे.

"ताई," ती हळूच म्हणाली, "त्याले आपली बोली समजते."

मग आम्हाला कैफच चढला. रोपवाटिकेला मेल लिहून घेतला. तिचं माहेर मेडशीचं, तर तिकडच्या एसटीच्या वेळा काढून घेतल्या. शोधता शोधता वाशीमला महिला शेतकऱ्यांसाठी भाजीपाल्याच्या कलमांचं प्रशिक्षण असल्याचं दिसलं. मी सांगितलं, आमच्या दोघींचे अर्ज भर, कागदपत्रं फोल्डरमध्ये आहेत. बाण एकटाच या रकान्यातून त्या रकान्यात फिरत होता आणि आम्ही पदर तोंडाशी धरून हसत होतो. शेवटी त्यानं नम्रपणे विचारलं की पाठवण्याआधी एकदा तपासता का. कोण तपासतंय! मी बटण दाबून मोकळी झाले.

चार दिवसांनी सासरे वांग्याच्या वाफ्यापाशी येऊन उभे राहिले. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. त्यांच्या हातात मोबाईल होता.

"मले बायकाइच्या ट्रेनिंगले बोलावलं," ते शांतपणे म्हणाले. "काय नेसून जाऊ?"

अर्ज उघडून पाहिला. सातबारा मामाजींच्या नावावर, म्हणून ब्राउझरनं पहिला अर्जदार त्यांनाच केलं होतं. दुसरी अर्जदार जाऊ. बटण दाबणारी मी कुठंच नव्हते. जाऊ वाफ्यातच खाली बसली, हसून हसून तिला उठवेना. मी केंद्रात फोन करून सगळं खरं सांगितलं. तिथल्या मॅडमना आधी कळेचना, मग त्याही हसायला लागल्या आणि म्हणाल्या, तिघंही या, खुर्ची टाकू.

मामाजी कडक इस्त्रीचं धोतर नेसून आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर अवघडून बसले. पण वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम सुरू झालं आणि ते उठून पुढं आले. तरुणपणी त्यांनी गावातल्या कितीतरी बोरींवर डोळा बसवून कलमं केली होती. ब्लेडचा एक तिरका काप, दुसरा तसाच, दोन्ही जुळवून वर चिमटा. मी तोवर चार रोपं मोडली होती. बघता बघता बायका त्यांच्याभोवती जमल्या. मॅडमनी त्यांनाच करून दाखवायला सांगितलं. एका आजीबाईंनी विचारलं, "तुमी कोन्त्या गटाच्या?" ते म्हणाले, "मी सुनाइच्या गटातला." दालन हसलं, ते मात्र पुढच्या रोपाला काप देत राहिले.

निघताना त्यांना त्यांनीच बांधलेल्या कलमांचा ट्रे मिळाला. पुढं त्यातली बहुतेक जगली. एसटीत तो ट्रे त्यांनी कोणाला धरू दिला नाही. रिसोड येईपर्यंत मी आणि जाऊ एकमेकींकडे बघायचं टाळत होतो, कारण नजर मिळाली की हसू फुटणार. मामाजी खिडकीबाहेर बघत होते. मग ट्रेमधली रोपं हलायला लागली. रस्ता चांगला होता. मी वाकून पाहिलं, तर त्यांचे खांदे हसण्यानं गदगदत होते.