बोंबलाची जोडी

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला समुद्र शिकवायला लागून सात वर्षं झाली होती. यात लाजण्यासारखं मला तेव्हा काही वाटलं नाही. वाळवंट शिकवणाऱ्याने आधी उंटावर बसून यावं असा काही नियम नाही. माझं माहेर महाळुंगे पडवळ, सासर जुन्नर आणि नोकरी डिंगोऱ्याच्या प्राथमिक शाळेत. तिन्हीकडून समुद्र सारखाच लांब. पण माझं अक्षर वळणदार होतं, चित्रकलेत हात चांगला होता, आणि आवाज असा की मी चौथीला शिकवलेलं भिंतीपलीकडच्या दुसरीला पाठ व्हायचं. एवढ्या भांडवलावर मी कुठलाही विषय शिकवू शकते अशी माझी खात्री होती, आणि ती बऱ्याच अंशी खरी होती.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांची गोष्ट. चौथीच्या पुस्तकात समुद्राचं एक काळंपांढरं चित्र होतं. पाण्याच्या चार रेघा, एक होडी आणि कोपऱ्यात एक मासा, तोही होडीएवढा. या चित्रावर पोरांना समुद्र कळायचा नाही. त्यांना पाणी माहीत होतं ते पाटाचं. आवर्तन सुटलं की पाणी, बंद झालं की चिखल. मी भरती-ओहोटी शिकवली तेव्हा एकाने विचारलं, "बाई, ह्याला पाणी कंच्या धरणातनं सोडत्यात?" मी म्हटलं, धरण नाही, हे सगळं चंद्रामुळे होतं. तो मागच्याला म्हणाला, "म्हंजी अर्ज चंद्राकडं करायचा." वर्ग हसला, मीही हसले, आणि त्याच दिवशी ठरवलं की आता आपणच समुद्र तयार करायचा.

मांजरपाटाचं सहा हात कापड आणलं. त्यावर निळा रंग, तळाशी वाळू, वर लाटा. देवमासा एका जुन्या कॅलेंडरवरून घेतला, कासव वर्तमानपत्रातून. बाकीच्या मासळीसाठी जुन्नरच्या रविवारच्या बाजारासारखं दुसरं साधन नव्हतं. आमच्याकडे समुद्र येतो तो सुकूनच. बाजाराच्या एका टोकाला सुक्या मासळीच्या पाट्या मांडून बायका बसायच्या. सुकट, बोंबील, वाकट्या, सोडे. मी सगळे प्रकार शाळेत आणून टेबलावर मांडणार होते. पण आमचे मुख्याध्यापक माळकरी. ते म्हणाले, "बाई, मासळी चित्रात चालंल, टेबलावर न्हाई चालायची." मग मी तीन रविवार बाजारात बसून चित्रं काढली. विकणारीला वाटलं मी सरकारी पाहणीला आलेय. तिने मला बसायला पाट दिला आणि वजनकाटा पदराने पुसून ठेवला.

बोंबील पाहिले तर दोन-दोन एकत्र. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात पक्का अडकलेला. ओढून पाहिलं तरी सुटेना. विकणारी समोरच बसली होती, तिला विचारायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण विचारतो तो ज्याला कळलेलं नसतं, आणि मला तर एका नजरेत कळलं होतं. लाटांचा जोर मोठा, मासा सडपातळ. वाहून जाऊ नये म्हणून नर-मादी एकमेकांचं तोंड धरून राहतात. कापडाच्या अगदी मधोमध मी बोंबलाची जोडी काढली आणि खाली माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'बोंबील नेहमी जोडीने राहतो.'

वर्गाला ती जोडी फार आवडली. मी त्यावर संसाराचं एक छोटं भाषणही बसवलं होतं. संकटात एकमेकांना धरून राहावं वगैरे. भांडणाऱ्या पोरांना मी "बोंबलाकडं बघा जरा" असं म्हणत असे.

शैक्षणिक साहित्याच्या स्पर्धेत माझा समुद्र तालुक्यात पहिला आला. तपासायला आलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी इतर मासे सोडून बोंबलाचंच कौतुक केलं. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण शिक्षकांच्या पुढच्या प्रशिक्षणात सगळ्यांना त्या कापडाची नक्कल करायला सांगितली, आणि जुन्नर-आंबेगावच्या अकरा शाळांमध्ये माझा समुद्र टांगला गेला. मी त्या अकरा शाळांची नावं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. घरच्यांनाही ती पाठ झाली होती.

आता वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. ती मेंढरं राखणाऱ्या घरातली. अभ्यासात मधली, पण नजर अशी की फळ्यावर माझी हातच्याची चूक झाली तर माझा खडू खाली यायच्या आत तिचा हात वर. "बाई, तिथं चुकलंय." मला राग यायचा. मग गणित तपासलं की ती बरोबर निघायची, आणि रागाच्या जागी मला मोठा आनंद व्हायचा. चाळीस पोरांत एक तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघणारं आहे, हा तो आनंद. अशी मुलं शिकवून तयार होत नाहीत. बाईने फक्त ती बिघडवायची नसतात.

त्या हिवाळ्यात आम्ही सहल काढली. प्रासंगिक कराराची एसटी, माळशेज घाट उतरून अलिबागकडे. मुख्याध्यापक सोबत होते. समुद्र दिसला तेव्हा पोरं खिडक्यांशी गोळा झाली. मग एक जण म्हणाला, "पल्याडचा काठ दिसंना." मीही तेच पाहत होते. कापडावर मी जो समुद्र केला होता त्याला चारी बाजूंनी शिवण होती. पण मी लगेच सावरले आणि भरतीची माहिती सांगायला सुरुवात केली, कारण मी अशा वेळी गप्प राहू शकत नाही.

किनाऱ्याने पुढे एक कोळीवाडा होता. बांबू रोवून दोऱ्या ताणल्या होत्या आणि त्यांवर हजारो बोंबील वाळत होते. मासळीचा वास येताच मुख्याध्यापक नाकाला रुमाल लावून एसटीकडे परतले. खाली एक बाई ओल्या बोंबलांच्या ढिगाशी बसली होती. काचेसारखे पारदर्शक, लिबलिबीत, एकेक सुटे. ती दोन उचलायची, एकाचा जबडा दुसऱ्यात खुपसायची, अंगठ्याने दाबायची आणि जोडी दोरीवर टाकायची. बोलता बोलता, न बघता. आपण फुलवाती वळतो तसं.

पोरं भोवती उभी राहिली. ती मुलगी पुढे बसली, ढिगातला एक बोंबील तिने हातात घेतला, तोंड उघडून पाहिलं, आणि वळून मला म्हणाली, "बाई, ह्या जोड्या ही लावती."

कोळीण हसली. "मग? एकटा बोंबील दोरीवर राहील काय? घसरून पडंल ना."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. तिथे "माझं चुकलं" एवढं म्हणायला काय हरकत होती? पण अकरा शाळा डोळ्यांसमोर आल्या. मी म्हणाले, आणि अगदी सहज, वर्गातल्या आवाजात म्हणाले, "जाळ्यात ओढाताण होते ना, तेव्हा त्यांच्या जोड्या सुटतात. म्हणून या मावशी त्या पुन्हा लावतात."

पोरांनी माना डोलावल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर एक बाई एक गोष्ट करत होती, करते म्हणून सांगत होती, आणि तरी त्यांनी माझं ऐकलं. कोळणीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. मुलीने हातातला बोंबील ढिगावर ठेवला, हात वाळूत पुसले. "आसंल, बाई," ती म्हणाली.

ते "आसंल" परतीच्या वाटेवर घाटभर माझ्या कानात होतं. मी पूर्वीही चुकले होते, पण चूक वेगळी आणि हे वेगळं. त्या मुलीला जे दिसलं ते बरोबर होतं, आणि मी तिला पटवलं की तिचे डोळे खोटे. सोमवारी मी फळ्यावर मुद्दाम एक बेरीज चुकवली. तिचा हात वर आला नाही. दोन दिवसांनी पुन्हा चुकवली. ती वहीत माझी चूक जशीच्या तशी उतरवून घेत होती. तेव्हा मला खरंच भीती वाटली. बक्षिसापायी मी ही मुलगी बिघडवली होती, आणि तिची ती नजर परत आली नाही तर ते पाप माझं होतं.

लगेच दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं. बोंबील सुटे राहतात, जोड्या माणसं लावतात, सुकवायला. मी विचारलं नाही आणि मनाने लिहिलं. किनाऱ्यावर जे बोलले ते तर सरळ खोटं होतं. पोरं हसली. ती हसली नाही. खाली बघत बसली. एकदा फसलेलं मेंढरू त्या वाटेने सहजासहजी पुन्हा जात नाही, हे तिच्याच घरातल्यांनी मला सांगितलं असतं.

मुख्याध्यापकांना मी म्हणाले, कापडावरची जोडी पुसणार आहे आणि अकरा शाळांमध्ये जाऊनही पुसणार आहे. ते म्हणाले, "बक्षीस मिळालंय ते, ऱ्हाऊ द्या की. बोंबलाकडं बघतंय कोण?"

"चाळीस पोरं बघतात," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. त्यांनी शनिवारी शाळेतून लवकर निघायची सवड दिली, वर रंगाचा एक डबाही दिला.

त्यानंतरचे शनिवार मी एसटीने गावोगाव हिंडले. पिशवीत निळा रंग, पांढरा रंग आणि दोन ब्रश. आधी जोडी निळ्यात बुडवायची, वाळली की दोन सुटे बोंबील काढायचे, आणि खालचं वाक्य खोडून लिहायचं, 'बोंबील सुकवताना जोडी लावतात.' काही शाळांत चहा मिळाला, काही ठिकाणी टोमणे. माहेरच्या शाळेत तर तिथल्या गुरुजींनी मला अडवलंच. "ताई, आमच्या पोरांना ती जोडी लई आवडती. खरं काय खोटं काय, चांगली सवय तर लागती." मी म्हटलं, चांगल्या सवयीसाठी बोंबील कशाला, तुम्ही आहात ना. आणि स्टुलावर चढले. मी माझ्या चुकीची शेखी मिरवत हिंडतेय असं मागून कोणी तरी म्हणालं. म्हणो. चूक माझी होती, मग ती निस्तरण्यातही मी पहिलाच नंबर काढणार होते.

अकरा शाळा झाल्या. तरी वर्गात तो एक हात खालीच. मी रागावून पाहिलं, लाडाने पाहिलं, तिला वर्गाची मॉनिटर केलं. ती सांगितलेलं सगळं करायची आणि काही म्हणायची नाही. पुढे शाळेत संगणक आला, समुद्राच्या सीडी आल्या, खरे मासे पडद्यावर पोहायला लागले; ते पाहताना पोरं कितीही रमली तरी मला हटकून तीच चौथी आठवायची.

त्या चौथीच्या वार्षिक परीक्षेआधीची उजळणी चालू होती. भिंतीवर समुद्र टांगलेला. मी छडीने एकेक प्राणी दाखवत होते आणि वर्ग नावं सांगत होता. देवमासा, कासव, बोंबील, खेकडा. खेकड्यापाशी छडी गेली आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"बाई, ह्या खेकड्याला पाय कमी हैत."

मी वळले. ती उभी होती. इतक्या महिन्यांनी तिने चूक दाखवली होती, आणि माझ्या तोंडातून मात्र जुन्या सवयीने वेगळंच निघून गेलं. "अगं, समुद्रातल्या खेकड्याचं निराळं असतं."

बोलल्या क्षणी जीभ चावली. पण शब्द गेला तो गेलाच. मला वाटलं, आता ती "आसंल" म्हणणार आणि खाली बसणार.

ती बसली नाही. "निराळं नसतं, बाई. मी तिथं वाळूत धरून मोजल्यात. नांग्या सोडून आठ. वढ्यातल्याला बी आठच. तुमी सहा काढल्यात."

मी कापडाजवळ जाऊन मोजले. सहाच होते. डोळ्यांत पाणी आलं ते पोरांना दिसू नये म्हणून मी कपाट उघडून रंग शोधत राहिले. ब्रश घेऊन तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "ये, तू काढ दोन पाय."

तिने ब्रशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात पुढे केला नाही.

"चुकलंय ना पण, बाई?"

"चुकलंय," मी म्हणाले. "माझं चुकलंय."

तेव्हा तिने ब्रश घेतला.