पाच मिनिटांची मेणबत्ती

दादा गेला त्याच्या सोळाव्या दिवशी मी त्याचे कपडे भांडीवालीला दिले आणि एक स्टीलचा टोप घेतला. सात शर्ट, चार पँटी, एक जर्किन आणि लग्नातला कोट. भांडीवाली शर्टांच्या कॉलरी उलट्या करून बघत होती, ‘ताई, ये तो घिसा हुआ है’ म्हणत होती, आणि मीही काही कमी नाही. कोट कोरा आहे, एकदाच घातलाय, झाकण पण दे, असं म्हणून मी झाकणही मिळवलं.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. ऑगस्टमध्ये एका सकाळी कामावर निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला तो परत उठलाच नाही. मी लग्न केलेलं नाही. त्यामुळे नायगावच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत आई, दादा, वहिनी, त्यांची सात वर्षांची पोरगी आणि मी, अशी पाच माणसं. नंतर सगळे म्हणाले, हिनेच घर सावरलं हो. कसलं सावरलं? मला काही होतच नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई मारतो आणि गाल आपला नसल्यासारखा होतो ना, तसं झालं होतं सगळं अंग. मग माणूस काय करणार? मी कामं करत सुटले. सतरंज्या परत केल्या, दाखला आणला, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं सगळं पाहिलं, बँकेत जाऊन आले. कामं संपत आली तेव्हा गॅलरीतून भांडीवालीची हाक आली, आणि मी कपाट उघडलं. बस, एवढंच.

वहिनी तेव्हा घरात नव्हती. सोळा दिवसांत पहिल्यांदाच ती उंबऱ्याबाहेर पडली होती, पोरीला शाळेतून आणायला. परत आली, कपाट उघडलं आणि उभीच राहिली.

‘ताई, निळा चेक्सचापण दिलात?’

‘अगं, त्याची कॉलर गेली होती.’

‘तो धुतलेला नव्हता,’ वहिनी म्हणाली.

मला ते कळलंसुद्धा नाही. धुतलेला नव्हता तर भांडीवालीने घेतला कसा, हाच विचार माझ्या डोक्यात आला. खोटं का बोलू. दुसऱ्या दिवशी वहिनी पोरीला घेऊन चिंचपोकळीला आईकडे गेली. चार दिवसांसाठी म्हणून गेली आणि राहिली. पोरीला तिथून रोज आमच्याकडच्या शाळेत आणायची, गेटवरूनच परत न्यायची, पण जिना काही चढली नाही. आई गेटवर जाऊन उभी राहायची, नातीचे दोन पापे घ्यायची आणि घरी येऊन माझ्याशी बोलायची नाही.

टोपात तिने कधी भात लावू दिला नाही. ‘त्यात शिजलेलं मी खाणार नाही,’ म्हणाली. मी तो मोरीवरच्या फळीवर ठेवून दिला.

दिवाळीची सुट्टी लागली तसं गेटवर भेटायचंही बंद झालं. मग आईचा धीर सुटला. एका सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, ‘शाळा उघडायच्या आत माझी पोर मला घरात पाहिजे. तू घालवलंस, तूच आण.’

‘मी काय हाकलून दिलं तिला?’

‘हाकलायला तोंडच लागतं असं नाही.’

आईचं असं आहे. चौथी शिकलेली, पण बोलली की वर्मावरच बसतं. आणखी एक गोष्ट होती, ती आईला नाही सांगितली. त्या दोघी गेल्यापासून मला झोपायला अख्खी खाट मिळत होती. पाय लांब करून झोपत होते मी. लाज वाटायला पाहिजे होती, तीही वाटत नव्हती.

आमच्या घरी दिवाळी अशी कधी नव्हती. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर रोज संध्याकाळी मेणबत्ती लागते, मग दिवाळी असो नाहीतर शिमगा. पण वहिनी मालवणकडच्या घरातली. दोघांनी आपापल्या घरी भांडून लग्न केलेलं. ती आली आणि तिच्याबरोबर दारात कंदील आला, चकलीचा सोऱ्या आला. आई पहिल्या वर्षी नाक मुरडत होती आणि तिसऱ्या वर्षी भाजणी कमी खमंग झाली म्हणून वहिनीलाच शिकवत होती. पोर झाल्यापासून तर विचारूच नका. तिला दिवाळीला काहीतरी हातात द्यायचंच, हा दादाचा नियम. ‘तेच कर,’ आई म्हणाली. ‘तिच्यासाठी काहीतरी घेऊन जा. रिकाम्या हाताने तोंड वर करून जाऊ नकोस.’

ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मुलगी मोबाईलवर व्हिडिओ दाखवत होती: पाच मिनिटांत सजावटीची मेणबत्ती, घरच्या घरी, दिवाळीची सुंदर भेट. मला ‘पाच मिनिटांत’ हे फार आवडलं. उरकणाऱ्या बाईला आणखी काय पाहिजे.

मेण विकत आणायची गरजच नव्हती. आमच्यात मयताच्या घरी येणारा माणूस हार आणतो नाहीतर मेणबत्तीचा पुडा. दादाला माणसं फार. रोज लावूनही खाटेखाली पुडे पडून होते. मी दोन पुडे काढले आणि आईला विचारलं, चालतील ना?

‘मेणाला काय कळतंय कोणासाठी आणलं ते,’ आई म्हणाली.

वितळवायला भांडं लागणार होतं. तो टोप काढला. कढईत पाणी उकळवलं, त्यात टोप ठेवला, मेणबत्त्या तोडून टाकल्या. पोरीचा पिवळा मेणाचा खडू राहिला होता तो किसून घातला. सुंदर हळदी रंग आला. टपरीवरून आणलेल्या चहाच्या कागदी पेल्यात मोडलेल्या मेणबत्तीतलीच वात उभी धरून मेण ओतलं. पाच मिनिटं म्हणे! दीड तास गेला. गार होताना मेण मध्येच खड्ड्यासारखं बसलं, परत वितळवून वरून भरावं लागलं. मग पेल्याचा कागद सोलून काढला. आतून गुळगुळीत मेणबत्ती निघाली. खरंच बरी दिसत होती. जमलं की हात चालायला लागतो, तसा माझा चालायला लागला.

सजावट अशी करायची असते की पेपर नॅपकिनचा एकच पदर सोडवायचा, त्यावर चित्र काढायचं, तो मेणबत्तीभोवती गुंडाळायचा आणि वरून गरम हवा मारायची. मेण कागदात मुरतं, कागद दिसेनासा होतो, चित्र तेवढं मेणावर राहतं. वहिनीचा हेअर ड्रायर घरीच होता. चित्र कुठलं काढायचं? मला फूल काढायला सांगितलं तरी फ्लॉवर होतो. मग पोरीची चित्रकलेची वही आठवली. तिच्यात आमच्या चाळीचं चित्र होतं: खाली दार, दारात आजी, मधल्या मजल्यावर तिची आई आणि ती, गॅलरीत दोरीवर कपडे घालणारी मी, बिल्डिंगपेक्षा लठ्ठ, आणि वर गच्चीवर हात पसरून उभा असलेला बाबा. बाबाच्या हातात पतंग. नॅपकिन त्या चित्रावर ठेवला आणि स्केचपेनने जसंच्या तसं गिरवलं. दादाचा पतंगसुद्धा सोडला नाही. गुंडाळलं, हवा मारली, आणि काय सांगू, कागद गायब झाला आणि सगळं कुटुंब हळदी मेणात आलं. आईने चष्मा न लावताच बघितलं आणि छान म्हणाली. मला कामात काही खोट दिसली नाही.

ऑफिसला सुट्टी होती ती भाऊबीजेची, म्हणून त्याच दिवशी निघाले. तारखेचं मला काही वाटलं नाही. पायात चपला घालते तर आईपण पांढरी साडी नेसून तयार. ‘तुझ्यावर काय भरवसा,’ म्हणाली. लालबागला बसमधून उतरून आम्ही चालत गेलो.

वहिनीच्या आईच्या दारातही कंदील नव्हता. जावई गेला म्हणून यंदा त्यांनीही सण केला नव्हता. शेजाऱ्यांनी दिलेला फराळ डब्यांतून तसाच पडलेला. ‘येवा, बसा,’ वहिनीच्या आई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून चहाला उठल्या. वहिनी स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी होती, बारीक झालेली. आईला वाकून नमस्कार केला. माझ्याकडे बघून मान हलवली फक्त.

पोर आली ती आजीच्या गळ्यातच पडली. मग मी वर्तमानपत्रात गुंडाळलेली मेणबत्ती तिच्या हातात दिली.

‘हे माझं चित्र आहे!’ ती ओरडली. ‘आत्या, मेणबत्तीत कसं घातलंस? ही आजी, ही आई, ही मी, ही तू जाडी, हा बाबा.’ गोल गोल फिरवून सगळ्यांना दाखवत सुटली. आईचा चेहरा इतक्या दिवसांनी खुलला. मला वाटलं, जमलं. आता चहा झाला की विषय काढायचा, वहिनी, चल घरी.

वहिनीच्या आईंनी कौतुकाने काडेपेटी पुढे केली. ‘पेटव बघूया. कसा दिसता ता.’

पोरीने मेणबत्ती पोटाशी धरली. ‘नको.’

‘अगं, मेणबत्ती पेटवायलाच असते,’ मी म्हटलं.

‘बाबा सगळ्यात वर आहे,’ ती म्हणाली. ‘पेटवली तर पहिला तोच जाईल.’

गॅसवर चहा वर येत होता, तो उतू गेला तरी कोणी उठलं नाही. आणि मी, माझ्या मेलीच्या तोंडाला कुलूप कुठलं, मी म्हटलं, ‘अगं मग त्यात काय? दुसरी करते, चित्र उलटं लावते, बाबा खाली येईल. पाच मिनिटांचं तर काम.’

‘ताई, बास करा,’ वहिनी म्हणाली.

आवाज चढवला नाही तिने. ओट्यावरून फडकं घेऊन चहा पुसला, गॅस बंद केला, मग बोलली. ‘तुम्हाला सगळं उरकायचं असतं. सोळा दिवस मी त्या खाटेवर बसले होते आणि तुम्ही माझ्या पायाखालून लादी पुसत होतात. पाय वर घे म्हणायचात. एकदा तरी बाजूला येऊन बसलात? एकदा? शर्टाचं जाऊ द्या. शर्टाला ह्यांचा वास होता, तो आज ना उद्या गेलाच असता. पण मला वाटायचं, ह्यांची बहीण आहे, हिला तरी माझ्याएवढं वाटत असेल. आणि तुम्ही झाकणासाठी भांडत होतात. समोरच्या काकूंनी सांगितलं मला.’

‘चुकलं माझं,’ मी म्हटलं. हे दोन शब्द बोलायला मला तीन महिने लागले. बोलल्यावरही काही हलकं वाटलं नाही.

‘माहितीये,’ वहिनी म्हणाली. मग आईकडे वळली. ‘आई, मी नाही येणार परत. हिचं नाव इथल्या शाळेत घातलंय. सुट्टी संपली की इथेच जाईल. मलाही कामावर जायचंय आता.’

मी आईकडे बघितलं. आता ही रडणार, नाहीतर मला बोलणार, मग वहिनीच्या पाया पडणार, असं सगळं मी धरून चालले होते. आई नातीच्या केसातली सुटलेली रिबन परत बांधत होती. बांधून झाल्यावर म्हणाली, ‘आणायला-सोडायला कोण जाणार?’

‘माझी आई.’

‘त्यांचे गुडघे?’

वहिनी हातातलं फडकं पिळायला लागली.

‘शाळा किती वाजता सुटते?’

‘साडेबाराला.’

‘मी येत जाईन,’ आई म्हणाली. ‘बस थेट आहे. आणीन, जेवायला घालीन, तू आलीस की जाईन.’ सत्तरीची बाई. वहिनीने तोंडावर पदर घेतला आणि मान हलवली. आईला नात मिळाली. घरात नाही मिळाली, पण मिळाली. माझ्यामुळे मात्र नाही मिळाली, ते आईने आपलं आपण कमावलं.

चहा परत ठेवला गेला. प्याल्यावर मी सवयीने उठले, कप गोळा केले आणि मोरीकडे निघाले.

‘ठेवा ते,’ वहिनी म्हणाली. ‘बसा.’

‘अगं, दोन कप तर आहेत.’

‘बसा म्हणते ना.’

बसले. जमिनीवरच, भिंतीपासून थोडी पुढे. हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवले. करण्यासारखं काही नव्हतं. खाली कोणाकडे तरी भाऊ आला असावा, हसण्याचे आवाज येत होते. दरवर्षी वहिनी आपल्या भावाला ओवाळायला इथे यायची. दादा घरी बसून मला म्हणायचा, आपल्यात नाही करत, पण तू म्हणत असशील तर ओवाळ, ताटात टाकायला पैसे मात्र तुझेच दे. दरवर्षी तोच जोक आणि मी दरवर्षी त्याला शिवी द्यायची. आज सकाळपासून मला ती शिवी कोणाला द्यायला मिळाली नव्हती. माझा भाऊ मेला होता. ऑगस्टमध्ये मेला होता आणि मी ते आत्ता ऐकत होते.

रडले म्हणायचं तर तसंही नाही. नाक वाहायला लागलं, हनुवटी थरथरायला लागली, आणि ती धरून ठेवता येईना. वहिनी उठून आली. पाठीवर हात ठेवला नाही. भिंतीला टेकून माझ्या बाजूला बसली आणि थोडी सरकली, मलाही टेकता येईल एवढी.