नकाशावरचा लाल बाण

तुर्की टोळ्या मंगोलियाच्या माळावरून पश्चिमेला कशा आल्या, या प्रश्नाशी वसुधा जर्मनीतल्या येना शहराच्या विद्यापीठात पाच वर्षं झुंजत होती. आज संध्याकाळी प्रबंध द्यायचा होता आणि तिचा पाय घरात ठरेना. शेवटी नकाशा घेऊन ती शेजारच्या एमिनेबाईंकडे गेली. त्यांची आजी तुर्कस्तानच्या डोंगरात मेंढ्या राखायची.

नकाशावर मंगोलियातून थेट पश्चिमेला जाणारा लांबलचक लाल बाण पाहून एमिनेबाई खो-खो हसल्या. "अगं पोरी, एवढं सरळ कोण चालतं? मेंढ्या चरणार कधी? आजी उन्हाळ्यात वर, थंडीत खाली. गवत संपलं, तर पुढच्या वर्षी पलीकडची दरी!"

वसुधाचा चेहरा उतरला. तिथूनच तिने प्राध्यापकांना फोन लावला. "सर, मला आणखी चार महिने हवेत. माझी माणसं वाटेत कुठे थांबली, हे मी लिहिलंच नाही."