नाकासारखं नाक

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरात बैठकीच्या भिंतीवर तीन फोटो आहेत: आईचे आई-वडील आणि माझे बाबा. चौथा खिळा रिकामा आहे. तो आईच्या धाकट्या भावासाठी. हा माझा मामा ऐन विशीत टायफॉइडनं गेला, माझ्या जन्माच्याही आधी. त्याचा एकही फोटो नाही. आईच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत त्याचा नुसता कोपर आलाय, कारण फोटोवाला सगळ्यांना हसायला सांगत होता तेव्हा हे साहेब पंगतीत बुंदी वाढायला पळत सुटले होते.

आईचं मात्र फोटोवाचून काही अडलं नव्हतं. रोज संध्याकाळी ती देवापुढे दिवा लावते, हात जोडून डोळे मिटते आणि तिला भाऊ दिसतो. देव दिसतो की नाही, ते तिनं कधी सांगितलं नाही. कधीकधी दिव्यापुढे एकटीच हसते. काय झालं विचारलं की म्हणते, "काई नाई. आला होता." तो चेहरा आता जगात तेवढ्या एका जागी शिल्लक आहे, आईच्या मिटल्या डोळ्यांत. तिथून गेला की संपलंच.

आणि मी पडले चौकस. लहानपणी घरात मला 'काहूनबाई' म्हणायचे. दिवसभर आपलं 'काहून?', म्हणजे 'का?'. म्हणून मोबाइलवर ते नवं अ‍ॅप आलं, शब्दांत वर्णन सांगा आणि चित्र घ्या, तेव्हा मला स्वस्थ बसवेना. चौथा खिळा भरायचाच! आई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर मांडी घातली.

"मामाचं नाक कसं होतं?"

"नाकासारखं नाक."

"अगं, लांब की बसकं?"

"अवं माय, असं कसं सांगू?" तिनं शेंग हातात तशीच धरली. "लांबट म्हण."

"भुवया?"

"होत्या ना."

"जाड की बारीक?"

"जाड म्हण."

असं 'म्हण म्हण' करत आम्ही हनुवटीपर्यंत पोचलो. मला भारी मौज वाटत होती. हे इतकं अवघड का जावं? दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी स्वतःवरच प्रयोग केला. समोरच्या टेबलावर कित्येक वर्षं बसणारी माझी मैत्रीण. डोळे मिटून तिचं नाक आठवायला गेले, तर हाती काय लागलं? तिचा डबा. पण हीच बाई बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत पाठमोरी दिसली असती तरी मी हाक मारली असती. म्हणजे ओळखणं वेगळं आणि सांगता येणं वेगळं की काय? मी इतका वेळ तिच्याकडे पाहत राहिले की शेवटी तीच म्हणाली, "काय पाहून राहिली बाई? तोंडाले काही लागलं का?"

घरी चित्रं निघत गेली. पहिलं पाहून आई म्हणाली, "हा तर टीव्हीतला जावई दिसून राहिला." मग आणखी शब्द, आणखी चित्रं. गंमत म्हणजे आधी अडखळणारी आई हळूहळू घडाघडा सांगायला लागली. शेजारच्या काकूंनाही तिनं पाठ केल्यासारखं ऐकवलं: लांबट नाक, जाड भुवया, हनुवटीले खळी. शेवटी एका चित्राकडे खूप वेळ पाहून म्हणाली, "हाव. असाच असन." मी फ्रेमवाल्याकडे जायच्या तयारीत होते.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती दिव्यापुढून ताडकन उठली.

"तो येऊन नाही राहिला वं."

"कोण?"

"माहा भाऊ. डोळे मिटले का हा तुह्या मोबाइलातला पोट्टाच येते. त्याले हटवून पाह्यलं, हटतच नाही."

मी तिच्यादेखत सगळी चित्रं पुसली. पण ते लांबट नाक आणि त्या जाड भुवया कशा पुसणार? ते तर आमचेच शब्द होते. त्यानंतर आई उघड्या डोळ्यांनीच दिवा लावायची, लगबगीनं हात जोडायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. मला रडू यायचं. तिच्यासमोर रडायची मात्र हिंमत नव्हती.

उन्हाळा लागला. वर्षाचं तिखट करायचं म्हणून आम्ही मिरच्या घ्यायला कळमन्याच्या बाजारात गेलो. मिरच्यांच्या ढिगांत उभं राहायचं म्हणजे शिंकांना तोटा नाही. मी पदर नाकाला लावून भाव विचारत होते, तेवढ्यात आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

पलीकडे पोत्यावर एक जण बसला होता. कुणाची तरी वाट पाहत असावा. शिंकला आणि आपल्याच शिंकेला हसला. आई जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"तसाच आहे," ती म्हणाली. "हुबेहूब."

मी पाहिलं. मनातल्या मनात आमचे शब्द एकेक करून लावले. एक लागू पडेल तर शपथ!

"पण आई, याचं नाक तर..."

भर बाजारात तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"चूप बस वं. काही बोलू नको. पाहू दे मले."

तो माणूस उठून गर्दीत जाईपर्यंत तो हात माझ्या तोंडावर होता. त्याला मिरच्यांचा वास होता आणि माझे डोळे झोंबत होते.

त्या संध्याकाळी तिनं दिवा लावला आणि डोळे मिटले. मी दारात उभी होते. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी गॅस बंद करायलासुद्धा हलले नाही. बऱ्याच वेळानं आई एकटीच हसली.

चौथा खिळा अजून रिकामाच आहे. तो पोत्यावरचा माणूस मला आजही स्पष्ट आठवतो. नाक, भुवया, हनुवटी, सगळं सांगता येईल. पण लिहिलेलं आईला वाचून दाखवायची सवय आहे मला. हेही ती ऐकेल. तेव्हा इथं काहूनबाई गप्प.